२७ मतांनी ३३ मतांना कसे हरवले?

प्रश्न : जून २०२२ मध्ये महाराष्ट्रातून राज्यसभेच्या सहा जागांसाठी निवडणूक झाली. त्यात पहिल्या पसंतीची ३३ मते मिळालेले संजय पवार पराभूत झाले आणि २७ मते मिळालेले धनंजय महाडिक निवडून आले. कमी मते मिळालेला उमेदवार संसदेत कसा जातो?
– एक वाचक, सातारा

उत्तर : लोकसभेत ज्याला सर्वाधिक मते, तो विजयी. राज्यसभेसाठी राज्यघटनेच्या ८०व्या अनुच्छेदाने वेगळी पद्धत ठरवली आहे. तेथे विधानसभेचे निवडून आलेले सदस्य मतदार असतात आणि ते उमेदवारांच्या नावांपुढे १, २, ३ असे पसंतीक्रम लिहितात. पहिली पसंती न लिहिलेली मतपत्रिका बाद होते. पुढचे क्रम लिहिणे ऐच्छिक असते.

अपूर्णांकाचा घोळ टळावा म्हणून प्रत्येक मताचे मूल्य १०० धरले जाते. त्या दिवशी २८४ मते वैध ठरली, म्हणजे एकूण मूल्य २८,४००. या संख्येला जागांपेक्षा एकने अधिक, म्हणजे सातने भागायचे, बाकी सोडून द्यायची आणि भागाकारात एक मिळवायचा. असा कोटा, म्हणजे निवडून येण्यासाठी लागणारे किमान मूल्य, ४,०५८ आला. पीयूष गोयल व अनिल बोंडे यांना प्रत्येकी ४८, इम्रान प्रतापगढी यांना ४४, प्रफुल्ल पटेल यांना ४३ आणि संजय राऊत यांना ४१ मते मिळाल्याने हे पाचही जण पहिल्याच फेरीत कोटा ओलांडून गेले. सहाव्या जागेसाठी महाविकास आघाडीचे पवार आणि भाजपचे महाडिक उरले.

येथे ही पद्धत आपले खरे काम करते. विजयी उमेदवाराला कोट्याहून जास्त मिळालेले मूल्य वाया जात नाही. ते त्याच मतपत्रिकांवरील पुढच्या पसंतीच्या उमेदवाराकडे जाते, आणि ज्याचे आधिक्य मोठे त्याचे आधी वाटले जाते. भाजपच्याच गोयल व बोंडे यांचे प्रत्येकी ७४२ मूल्य शिल्लक होते. ते दुसऱ्या पसंतीने वळल्यावर महाडिक कोट्याच्या पुढे गेले. उलट बाजूला, आघाडीच्या प्रतापगढींचे ३४२, पटेलांचे २४२ आणि राऊतांचे ४२ असे सारे आधिक्य पवारांना मिळाले असे धरले, तरी बेरीज ३,९२६ वरच थांबते.

पसंतीक्रमाच्या या खेळीचे तेव्हा फार कौतुक झाले. माझ्या मते ते थोडे अतिच झाले, कारण साधी बेरीज वेगळेच सांगते. महाविकास आघाडीच्या चार उमेदवारांना मिळून १६१ मते होती आणि चार जागांना १६,२३२ मूल्य लागत होते, म्हणजे ती कशीही वाटली तरी चौथी जागा पुरी होत नव्हती. भाजपच्या तिघांची १२३ मते मात्र तीन जागांना लागणाऱ्या १२,१७४ मूल्याहून अधिक होती. निकाल ठरला तो अपक्ष आणि लहान पक्षांच्या आमदारांनी कोणती बाजू घेतली यावर. पसंतीक्रमाच्या आखणीने ती १२३ मते वाया न जाता कामी आली, इतकेच. शिवसेनेचे सुहास कांदे यांचे मत निवडणूक आयोगाने बाद ठरवले, त्यावरही मध्यरात्रीपर्यंत वाद रंगला. पण ते वैध ठरून आघाडीच्या पारड्यात पडले असते, तरी नव्या कोट्याने, ४,०७२ ने, चौथी जागा हुकलीच असती.

प्रश्न : मग या निवडणुकीत आमदारांवर पक्षाचे बंधन असते का?
– तेच वाचक

उत्तर : पक्षांतरबंदी कायद्याखालील पक्षादेश येथे लागू होत नाही, त्यामुळे दुसऱ्याला मत दिले एवढ्यावरून आमदारकी जात नाही, पक्ष स्वतःची कारवाई करू शकतो. मात्र २००३ पासून हे मतदान खुले आहे. पक्षाच्या आमदाराला मतपत्रिका पेटीत टाकण्यापूर्वी आपल्याच पक्षाच्या अधिकृत प्रतिनिधीला दाखवावी लागते आणि ती दुसऱ्या कोणाला दाखवली तर मत बाद होऊ शकते. अपक्षाने ती कोणालाच दाखवायची नसते. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही तरतूद वैध ठरवली. विधान परिषदेसाठी आमदारांचे मतदान अजून गुप्त आहे, आणि राज्यसभेनंतर दहाच दिवसांनी, २० जूनला झालेल्या त्या निवडणुकीत भाजपचे पाचही उमेदवार निवडून आले, तर काँग्रेसचे चंद्रकांत हंडोरे पराभूत झाले.