हळव्या मुलीने नर्सिंगला जावे का?

सप्रेम नमस्कार,

आपली कन्या नर्सिंगला प्रवेश घेऊ इच्छिते, पण ती स्वभावाने हळवी आहे, आणि परिचारिका असलेल्या तिच्या मावशीने कोविडच्या काळात स्वतःच्याच घरात, लेकरापासून दूर, वेगळ्या खोलीत काढलेले दिवस आपण जवळून पाहिले आहेत. नव्या साथीची बातमी आली की मावशीची झोप आजही उडते, असे आपण लिहिता. तेव्हा मुलीला या वाटेने जाऊ द्यावे का, हा आपला प्रश्न आहे.

आपली काळजी रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभरात कोविडमुळे ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्य कर्मचारी दगावले असावेत, त्यामुळे परिचारिकांची भीती अवाजवी होती असे कोणीही म्हणू नये. ही भीती साथीबरोबर ओसरतेच असेही नाही. कॅनडातील टोरांटोमध्ये २००३ साली सार्स या श्वसनाच्या साथरोगाचे रुग्ण सांभाळणाऱ्या रुग्णालयांतील कर्मचाऱ्यांमध्ये एक-दोन वर्षांनंतरही मानसिक थकवा आणि ताण इतर रुग्णालयांपेक्षा अधिक आढळला होता. कोविडकाळात फिलिपिन्समधील परिचारिकांच्या अभ्यासातही जिथे भीती अधिक, तिथे कामातले समाधान कमी आणि नोकरी, किंबहुना पेशाच, सोडण्याचा विचार अधिक, असे दिसले. मावशींची उडालेली झोप हा त्यांचा दुबळेपणा नव्हे, हे कृपया घरात सर्वांना सांगावे.

मात्र टोरांटोच्या त्याच अभ्यासातील दुसरी गोष्ट मला आपल्या निर्णयासाठी अधिक मोलाची वाटते: आपल्याला पुरेसे प्रशिक्षण आणि पाठबळ मिळाले असे ज्यांना वाटत होते, त्यांना हा त्रास कमी झाला. संरक्षक पोशाख उतरवण्याचेच पाहा. तासन्‌तास पाणी न पिता काम करून थकलेली परिचारिका आधी हातमोजे, मग गाऊन आणि चष्मा काढते, मास्क सर्वांत शेवटी आणि खोलीबाहेर काढते, मध्ये मध्ये हात स्वच्छ करते. आणि संसर्गाचा धोका याच वेळी मोठा असतो. ही कृती हाताला वळण पडेपर्यंत शिकवलेली असेल आणि चूक होऊ नये म्हणून शेजारी सहकारी उभी असेल, तर परिचारिका घरी जाताना मनात पुष्कळ कमी शंका घेऊन जाते. माझ्या अनुभवात परिचारिकांना स्वतःच्या आजारपणापेक्षा, आपल्यामुळे घरच्यांना लागण होईल ही धास्ती अधिक पोखरते.

म्हणून मुलीच्या हळवेपणापेक्षा संस्था पारखण्यावर भर द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रवेशापूर्वी तिने तिथल्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थिनींना भेटून विचारावे, की संसर्ग नियंत्रणाचा सराव प्रत्यक्ष करून घेतात की वर्गात सांगून सोडून देतात. मास्क चेहऱ्यावर नीट बसतो की नाही हे तपासले जाते का. आणि भीती वाटते असे सांगणाऱ्या विद्यार्थिनीचे वरिष्ठ ऐकून घेतात की तिलाच बोल लावतात. यातल्या शेवटच्या प्रश्नाला ‘बोल लावतात’ असे उत्तर आले, तर दुसरी संस्था पाहावी.

मावशींशीही तिला एकटीला, निवांत बोलू द्यावे. आणि त्यांची झोप अजून उडत असेल, तर त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा, ही माझी आग्रहाची विनंती आहे.