तेलाचे तीन थेंब

गेल्या अंकात 'दारफाळणीचा सण' हा माझा लेख आला होता. योम किप्पूर हा उपासाचा आणि क्षमा मागण्याचा दिवस. कोकणातले आम्ही बेने इस्राएल यहुदी त्या दिवशी दार लावून, पांढरे कपडे घालून घरात बसत असू, म्हणून हे नाव. त्यावर आलेली पत्रं संपादकांनी माझ्याकडे पाठवली आणि म्हणाले, आता तुम्हीच निस्तरा. आधीच सांगते, मी निवृत्त शिक्षिका आहे, रब्बी, म्हणजे यहुदी धर्मगुरू, नाही. आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या रब्बी नव्हतेच. हजान प्रार्थना चालवायचा, मुकादम कारभार बघायचा, बाकीचे दोघांच्या चुका काढायचे. मी त्या बाकीच्यांतली.

बाई, आमच्याकडची म्हातारी माणसं तुमच्या लोकांना 'शनवार तेली' म्हणत. ग्रंथ नव्हते, गुरू नव्हते, मग शनिवार कसा लक्षात राहिला? आणि बाकीचा धर्म कुठे गेला?
*— एक वाचक, नागाव (अलिबाग)*

आमचे लोक तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी ते बंद ठेवत, म्हणून ते नाव. आमच्यात सांगतात ती गोष्ट अशी. नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, पोथ्या समुद्रात गेल्या. नेमकं कधी, यावर जाणकारांचं एकमत नाही आणि मी त्यात पडत नाही. उरलं ते एवढंच: शनिवार, मुलाची सुंता, खवलं आणि पर असलेलाच मासा, आणि 'शेमा इस्राएल', म्हणजे 'हे इस्राएला, ऐक' ही प्रार्थनेची ओळ. लग्न असो, बारसं असो, मयत असो, तीच ओळ.

माझ्या आजोबांचा पेणजवळच्या खेड्यात घाणा होता. मी सात-आठ वर्षांची असेपर्यंत तो चालू होता. गिऱ्हाईक बाटली घेऊन आलं की आजोबा मापातलं तेल ओतायचे आणि माप लगेच सरळ करायचे नाहीत. बाटलीच्या तोंडावर तसंच उपडं धरून ठेवायचे. थेंब पडायचा, मग बऱ्याच वेळानं दुसरा. मला बाहेर खेळायला पळायचं असायचं आणि बाटलीला बूच लावायचं काम माझ्याकडे. शुक्रवारी मात्र संध्याकाळ व्हायला लागली की सगळी धावपळ. बैल सोडायचा, पेंड भरायची, आजी वात घालून दिवा तयार ठेवायची. तेव्हा कोणी बाटली घेऊन आलंच तर आजोबा भराभर ओतून मोकळे व्हायचे.

साठी उलटल्यावर मी मिश्ना वाचायला घेतली. तोराच्या, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांतल्या, नियमांवर रब्बींनी जो खल केला, त्याचं हे जुनं संकलन. त्यात 'बाबा बात्रा' नावाच्या प्रकरणाच्या पाचव्या अध्यायात आलं: तेल किंवा द्राक्षारस विकणाऱ्यानं माप ओतून झाल्यावर आणखी तीन थेंब गिऱ्हाइकाच्या भांड्यात पडू द्यावेत. किरकोळ दुकानदाराला त्यातून सूट. त्यावर रब्बी यहूदा म्हणतात, सूट आहे ती शुक्रवारी अंधार पडताना.

मी त्याच रात्री इस्राएलला, दिमोनाला, नणंदेला फोन लावला. म्हटलं, बघ, पोथ्या बुडाल्या पण थेंब राहिले! आठ दिवस मी हेच ज्याला त्याला सांगत होते. नवव्या दिवशी नणंदेचा फोन. 'वहिनी, आपल्या शेजारचा हिंदू तेलीसुद्धा माप निथळू द्यायचा. तो काय मिश्ना वाचायचा?'

खरं होतं. तोही तसाच माप धरून उभा राहायचा, मी पाहिलंय. तेव्हा आजोबांच्या थेंबांना मी आता आमच्या धर्माची शिल्लक म्हणत नाही. शुक्रवारची धावपळ आमची होती, थेंब सगळ्यांचे होते. मिश्नेत मला जे नवं मिळालं ते वेगळंच. प्रामाणिक राहा, एवढं सांगून ते लोक थांबले नाहीत. थेंब किती, हे कोणीतरी विचारलं. दुसऱ्यानं विचारलं, दारात गर्दी असलेल्या गरीब दुकानदारानं काय दिवसभर माप धरून बसायचं? तिसऱ्याला शुक्रवारची संध्याकाळ आठवली. आणि ही सगळी मतं त्यांनी लिहून ठेवली, हरलेलीसुद्धा. आमच्या घरात आजोबांना असे प्रश्न विचारायची कोणाची छाती नव्हती.

शनिवारी तुम्ही खरंच काही करत नाही? लिफ्ट, मोबाइल, गॅस?
*— एक गृहिणी, डोंबिवली*

शुक्रवारी संध्याकाळी दिवे, काळ्या मनुका भिजवून काढलेलं शरबत, त्यावर किद्दूशची, म्हणजे शब्बाथच्या (शनिवारच्या विश्रांतीच्या) स्वागताची प्रार्थना, आणि नारळाच्या रसातली माशाची आमटी. मटणाबरोबर दूध-दही आम्हाला चालत नाही, त्यामुळे नारळानं आमच्या स्वयंपाकघराची अब्रू राखली आहे. शनिवारी गॅस पेटवत नाही, मोबाइल कपाटात. लिफ्ट वापरते. गुडघे माझे आहेत आणि मजला चौथा. ठाण्याच्या आमच्या शाआर हाशामाईम सिनेगॉगमध्ये, म्हणजे प्रार्थनामंदिरात, ते १८७९चं आहे, शनिवारी रिक्षानं जाते, हे तिथल्या कर्मठ मंडळींना आवडत नाही आणि त्यांचं बरोबर आहे. सून डॉक्टर आहे, तिला शनिवारी ड्यूटी असते. तिची मात्र कसलीच पळवाट नाही: जीव वाचवायला शब्बाथ मोडायचाच, असा नियमच आहे.

घराच्या वाटणीत मी धाकट्या भावाला फसवलं. दहा वर्षं बोलणं नाही. तुमच्या लेखात वाचलं की सणाआधी तुमच्यात माणसं एकमेकांची माफी मागतात. मी फोन केला, त्यानं ठेवून दिला. पुन्हा केला, पुन्हा तेच. तुमचा धर्म यावर काय म्हणतो?
*— नाव नको, सांगली*

दादा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. मिश्नेतलं वचन असं की, माणूस आणि देव यांच्यातल्या अपराधाला योम किप्पूर क्षमा देतो. माणसामाणसांतल्या अपराधाला देत नाही, समोरच्याची समजूत काढेपर्यंत. म्हणजे उपास करून, देवापुढे रडून हे काम होत नाही. बाराव्या शतकातला मोठा धर्मशास्त्री रामबाम पुढचं सांगतो: तो ऐकत नसेल तर तीन माणसं बरोबर घेऊन जा. तरी नाही, तर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. त्यानंतरही नाही, तर सोडून दे; आता पाप त्याचं.

हे वाचून तुम्ही बोटं मोजाल, दोन झाले, एक राहिला. थांबा. रामबाम त्याच जागी आधी काय म्हणतो ते ऐका. पैसे बुडवले असतील तर ते परत करायचेच, आणि परत केल्यावरसुद्धा माफी मागावीच लागते. तुमच्या चार पानांत 'माफी' हा शब्द सात वेळा आहे. रकमेचा आकडा एकदाही नाही. वाटणीतलं किती तुमच्याकडे जास्त आलं, ते तुम्हाला पैशापर्यंत माहीत असणार. तुमचे दोन फोन मी धरत नाही. आधी कागद करा, मग तिघांना घेऊन जा.

मी हे कडक बोलते आहे कारण माफी मागण्यात मी स्वतः तोंडघशी पडले आहे. शाळेत असताना स्टाफरूममध्ये मी एका सहकारी बाईंबद्दल बोलले होते की, यांना बढती मिळाली ती नवऱ्याच्या ओळखीमुळे. चार जणी हसल्या, मधली सुट्टी संपली. 'लाशोन हारा', म्हणजे माणसाच्या पाठीमागे त्याच्याबद्दल वाईट बोलणं, याला आमच्यात फार मोठं पाप मानतात. तालमूद, म्हणजे मिश्नेवरच्या चर्चांचा मोठा ग्रंथ, म्हणतो ते तिघांना मारतं: बोलणाऱ्याला, ऐकणाऱ्याला आणि ज्याच्याबद्दल बोललं त्याला. ते बोलणं खरं असलं तरी लाशोन हाराच. माझं तर खरंही नव्हतं.

निवृत्तीनंतर राडिनच्या रब्बी यिस्राएल मेईर कागान यांनी १८७३ साली याच विषयावर काढलेल्या ग्रंथाबद्दल वाचलं. ते म्हणतात, ज्याचं नुकसान केलं त्याच्याकडे जाऊन माफी मागा, त्याला माहीत नसलं तरी. योम किप्पूरच्या चार दिवस आधी मी चिकाच्या हलव्याचा डबा घेऊन बाईंच्या घरी गेले आणि सगळं सांगितलं. शब्द न्‌ शब्द.

त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. वीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. त्या उठल्या, चहा टाकला, कप माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, 'तुम्हाला हलकं वाटावं म्हणून मला सांगितलंत होय?' मग विचारलं, कोण कोण हसलं होतं. त्या चौघींपैकी दोघी त्यांच्या अजूनही मैत्रिणी होत्या.

मी घरी येऊन पुढचं वाचलं. याच मुद्द्यावर रब्बी यिस्राएल सालांतेर यांचं मत उलट होतं, असं सांगतात: त्या माणसाला माहीत नसेल तर सांगून नवी जखम करायचा तुम्हाला काय अधिकार? मी पहिल्या रब्बीपाशी उठले, दुसऱ्यापर्यंत पोचलेच नाही. अर्धवट वाचनाचं बिल दुसऱ्या कुणीतरी भरलं. बाईंनी डबा परत पाठवला, धुऊन, रिकामा. आमच्यात आणि तुमच्यातही डबा रिकामा परत करत नाहीत.

तुमची गोष्ट वेगळी. तुमच्या भावाला सगळं माहीत आहे, तुमच्याहून नीट.

मला यहुदी धर्म स्वीकारायचा आहे. कसा?
*— एक तरुण, नाशिक*

घेता येतो, पण आम्ही कोणाला बोलवत नाही. उलट आलेल्याला आधी परत पाठवायचा प्रयत्न करायची रीत आहे. त्यातूनही राहिलास तर बरीच वर्षं अभ्यास आणि तीन जणांच्या धर्मपीठापुढे उभं राहणं. इतरांसाठी नोहाचे सात नियम पुरेसे, असं आमचे ग्रंथ मानतात. खून नको, चोरी नको, न्यायालयं असावीत, वगैरे. कोण खरा यहुदी हे दारात बसून तपासायची मला हौस नाही. १९६०च्या सुमाराला इस्राएलमधल्या मुख्य रब्बींच्या कचेरीनं आमच्याच लोकांच्या लग्नांवर शंका काढल्या होत्या. माझ्या नणंदेचे सासरे जेरुसलेमला धरण्यावर बसले होते. १९६४ साली तिथल्या संसदेनं ठराव केला की बेने इस्राएल सर्व दृष्टींनी यहुदीच. सासरे म्हणायचे, हे आमच्या आईला आधीच माहीत होतं.

मी बेने इस्राएल आहे, पण घरात कोणाला हिब्रू येत नाही. तोरा वाचायला सुरुवात कुठून करू? दररोज तालमूदचं एक पान वाचतात म्हणे, ते जमेल?
*— इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, पुणे*

अरे, मराठीत वाच! लाज कसली? पेसाहच्या, म्हणजे मिसरमधून सुटका झाल्याच्या सणाच्या, रात्री वाचायची हग्गादा मुंबईत १८४६ साली मराठी भाषांतरासह छापली गेली. १८७४ला पुण्यात छापली त्यात साड्या नेसलेल्या बायका बिनखमिराच्या भाकरी करताना दाखवल्या आहेत. १८८० पासून आपले लोक अब्राहाम-मोशेच्या कथांवर मराठीत कीर्तनं करत होते, साकी-दिंडीसकट. ग्रंथ उशिरा हाती आला तरी आपण तो आपल्या बोलीतच घेतला.

तोराचे आठवड्याला वाचायचे भाग ठरलेले असतात, त्यांना पाराशा म्हणतात. तेवढा एक वाच. मराठी बायबलमध्ये पाचव्या पुस्तकाचं नाव 'अनुवाद' आहे, ते पाहून मी लहानपणी समजले होते की बाकीची चार मूळ आणि हे भाषांतर.

रोजचं पान, म्हणजे दाफ योमी, १९२३ साली सुरू झालं. २,७११ पानं, साडेसात वर्षं. जानेवारी २०२०ला नवी फेरी सुरू झाली तेव्हा मीही उत्साहानं बसले. ऑगस्टमध्ये 'एरुवीन' लागलं: शब्बाथला कोणाच्या अंगणातून कोणाच्या अंगणात काय न्यायचं. लॉकडाऊनमध्ये फ्लॅटचं दार न उघडणारी मी त्या अंगणांत हरवले ती हरवलेच.

एकट्यानं वाचू नकोस, हे मात्र ऐक. जोडीनं वाचायची रीत आहे, तिला हाव्रुता म्हणतात. जोडीदार असा शोध जो मान डोलावणार नाही. माझी नणंद आहे. आम्ही रविवारी व्हिडिओ कॉलवर बसतो, आपले रात्रीचे नऊ, त्यांची संध्याकाळ. पाच आठवडे हरवलेल्या वस्तूंच्या मिश्नेवर अडलोय. रस्त्यात विखुरलेली फळं सापडली तर सापडणाऱ्याची. ढीग करून ठेवलेली असली तर गावाला ओरडून सांगायचं. माझं म्हणणं, वाऱ्यानं ढीग विखुरला असेल तर? नणंद म्हणते, वहिनी, तुम्हाला फळं खायची आहेत का मालक शोधायचाय ते आधी ठरवा. मग तिचा भात लागतो आणि कॉल बंद होतो. तिसरं माणूस आलं तर आम्हाला हवंच आहे.