पैसे भरलेत, आता फिजिओ बदलू कसा?

"मॅडम, वीस सिटिंगचे पैसे भरून बसलोय, बारा झाल्या, हात काय वळंना, आता तिथंच संपवू का दुसरीकडं जाऊ?" असा प्रश्न घेऊन माझ्याकडं सारखं कुणीतरी येतं, कधी गुडघ्यासाठी कधी खांद्यासाठी, म्हणून एका बाईंचं सांगते. नाव बदललंय, लक्ष्मीअक्का म्हणूया.

अक्का सोलापूरजवळ कुंभारीच्या गोदूताई घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत राहतात, तीस वर्षं विड्या वळतायत. मोरीत पाय घसरला, उजवं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर, आणि ते निघालं तर बोटं लाकडासारखी. मुलानं गावातल्या एका मोठ्या फिजिओ सेंटरचं वीस सिटिंगचं पॅकेज घेतलं. माझ्यासमोर बसल्या तेव्हा उजवा हात पदराखाली झाकलेला, चहाचा कप पण डाव्या हातानं. तिथं काय करतात विचारलं तर म्हणाल्या मेणात हात बुडवतात, मशीन लावतात, झालं की घरी जा म्हणतात. हात कुणी धरून बघितला? "नाही ओ, गर्दी असते."

मेण, शेक, मशीन यात वाईट काही नाही, दुखणं कमी होतं, सांधा जरा सैल पडतो, पण तो सैल असतो तेवढ्यातच बोटं हलवून घ्यायची असतात, नाहीतर शेक उतरला की हात परत तसाच. आणि घरी काय करायचं ते कुणी शिकवलंच नव्हतं. खरं तर शिकवलं असतं तरी अक्कांनी केलं नसतं, कारण बराच वेळ इकडचं तिकडचं बोलल्यावर खरी गोष्ट बाहेर आली, "हलवला आणि हाड परत मोडलं तर?" दोन महिने ही बाई त्या भीतीनं हात जपून बसली होती आणि घरात सगळे म्हणत होते आई आळस करते. मला फार वाईट वाटलं.

म्हणून आधी क्लिनिक नाही, आधी हाडाच्या डॉक्टरांकडं पाठवलं, हाड जुळलंय का आणि किती जोर द्यायचा एवढंच विचारायला. जुळलं होतं. मग म्हटलं दोन ठिकाणी नुसतं जाऊन बोलून या, आगाऊ पैसे द्यायचे नाहीत, बीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, झालेत का, राज्य कौन्सिलची नोंदणी आहे का हे मुलानं विचारायचं, आणि तुम्ही एवढंच बघायचं की पहिल्या दिवशी हात हातात घेऊन मोजतात का थेट मशीनवर बसवतात. लांबचं नावाजलेलं नको, दोन रिक्षा बदलून कोण किती दिवस जाणार?

अक्कलकोट रोडलाच एक छोटं क्लिनिक मिळालं. तिथल्या मुलीनं पहिलं विचारलं, "अक्का, काम काय करता?" आणि दुसऱ्या दिवशी सूप, कात्री, चार पानं घेऊन बोलावलं. पान कापायला जमलं, तंबाखू भरून वळताना अंगठा अडला, टोक दुमडताना तर्जनी. मग व्यायाम त्याच दोन बोटांचे, कोन मोजून कार्डावर लिहिलेला, घरी दर दोन तासांनी दहा वेळा. दुखणार, पण थोड्या वेळात शमलं तर चालतं, रात्रभर ठणकलं तर दुसऱ्या दिवशी कमी करायचं, हे तिनं आधीच सांगितलं, अक्कांची निम्मी भीती तिथंच गेली.

एक मात्र सांगते, हात जळजळतोय, सुजून चकाकतोय, रंग बदललाय असं असेल तर सिटिंग संपायची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि शेजारीपाजारी कुणी सांगितलं म्हणून रगडून चोळून घेऊ नका.

उरलेल्या आठ सिटिंगचे पैसे परत मिळाले नाहीत, मुलगा दोनदा जाऊन आला. अक्का दोन दिवस हळहळल्या. मी म्हटलं, पैसे गेले ते गेले, त्यापायी अजून आठ दिवस हात का अडकवून ठेवायचा?

परवा आल्या होत्या, कप उजव्या हातात. दिवसाला चारशे विड्या होतात म्हणाल्या, पूर्वी आठशे व्हायच्या. धागा बांधताना अंगठा अजून अडतो.