वाचकांचे प्रश्न : दानाची वही वेगळी, देण्याची वेगळी

प्रश्न : आमच्या गावाशेजारी एक मोठा कारखाना आहे आणि तो चालवणारी कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आहे. शाळेच्या खोल्या, आरोग्य शिबिरे, वृक्षलागवड यांवर केलेल्या खर्चाची माहिती तिच्या वार्षिक अहवालात छायाचित्रांसह असते. पण पावसाळा सरला की कारखान्यामागच्या ओढ्याचे पाणी काळे पडते, त्याचा उल्लेख मला ताळेबंदात कोठेही सापडला नाही. समाजकार्यावर खर्च केला म्हणजे ओढ्याची जबाबदारी फिटते का?
— एक निवृत्त शिक्षक, सोलापूर जिल्हा

उत्तर : फिटत नाही, आणि हे केवळ नीतीचे मत नसून कायद्याचीही भूमिका आहे. ज्या कंपनीची नक्त मालमत्ता (म्हणजे मालमत्तेतून देणी वजा जाता उरणारी रक्कम) ५०० कोटी रुपये, उलाढाल १,००० कोटी रुपये किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये यांपैकी एका मर्यादेला पोहोचतो, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक उत्तरदायित्वावर खर्च करावी, असे कंपनी कायदा, २०१३ चे कलम १३५ सांगते. मात्र दुसऱ्या एखाद्या कायद्याने घातलेले बंधन पाळण्यासाठी जे करावेच लागते, ते या खर्चात धरता येत नाही, असे त्याच कलमाखालचे नियम स्पष्ट करतात. सांडपाण्यावर प्रक्रिया करूनच ते सोडणे हे १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याखालील कर्तव्य आहे. म्हणजे ओढा स्वच्छ ठेवणे हे कंपनीचे देणे आहे, शाळेची खोली बांधणे हा तिने समाजासाठी केलेला खर्च आहे, आणि एका वहीतली जमा दुसऱ्या वहीतल्या नावे रकमेसमोर मांडता येत नाही.

ताळेबंदात ओढा का दिसत नाही, याचे कारण लेखापद्धतीत आहे. घडून गेलेल्या घटनेमुळे कंपनीवर आजच एखादे बंधन आले असेल, त्यासाठी पैसे द्यावे लागण्याची शक्यता अधिक असेल आणि रकमेचा विश्वासार्ह अंदाज बांधता येत असेल, तरच त्या देण्याची तरतूद पुस्तकात केली जाते. न्यायालयाने वा प्रदूषण नियंत्रण मंडळाने भरपाईचा आदेश दिला, तर ओढा आकड्याच्या रूपाने ताळेबंदात येतो. तोपर्यंत विहिरीचे पाणी बिघडल्याची किंमत शेतकरी भरतो आणि ती कोणाच्याच पुस्तकात नोंदली जात नाही. हीच उणीव भरून काढण्यासाठी शाश्वततेचा हिशेब मांडण्याची पद्धत उभी राहिली. तिच्यात रुपयांबरोबर घनमीटर, टन आणि युनिटही मोजावे लागतात.

आपल्याला हवी असलेली माहिती वार्षिक अहवालाच्या एका वेगळ्या भागात शोधावी. बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने, २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून ‘व्यवसाय उत्तरदायित्व आणि शाश्वतता अहवाल’ देणे बंधनकारक केले आहे. त्यात नऊ तत्त्वे असून सहावे पर्यावरणाचे आहे. पाणी कोठून व किती घेतले, किती सोडले, कोठे सोडले आणि प्रक्रिया करून की न करता, हे तेथे तक्त्यात द्यावे लागते. पर्यावरणविषयक कायद्यांचे पालन होते का, होत नसल्यास कोणता भंग झाला आणि कोणता दंड झाला, हाही प्रश्न तेथे आहे. ओढ्याविषयी तक्रार झाली असूनही कंपनीने त्या जागी ‘लागू नाही’ असे लिहिले असेल, तर तो तक्ता आणि तक्रारीची पोच एकत्र जोडून मंडळाकडे लेखी विचारणा करावी.

तक्ता वाचताना एक काळजी घ्यावी. कंपन्या बहुधा उलाढालीच्या दर रुपयामागे किती पाणी वा ऊर्जा लागली, हे प्रमाण ठळकपणे मांडतात. उलाढाल वाढली की हे प्रमाण उतरू शकते, आणि त्याच वर्षी प्रत्यक्ष उपसा मात्र वाढलेला असू शकतो. ओढ्याला आणि विहिरीला एकूण आकड्याशीच कर्तव्य असते; तेव्हा तो आधी पाहावा.

प्रश्न : मी शरियत निर्देशांकातील, म्हणजे इस्लामी नियमांनुसार निवडलेल्या यादीतील, कंपन्यांमध्ये थोडी गुंतवणूक करते. या कंपन्या पर्यावरणाच्या दृष्टीनेही जबाबदार असतात असे समजावे का? आणि पर्यावरणाच्या अशा हिशेबाला इस्लामी विचारात आधार आहे का?
— वाणिज्य शाखेची एक विद्यार्थिनी, मालेगाव

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे. या निर्देशांकांची चाळणी मुख्यतः दोन गोष्टी पाहते. मद्य, तंबाखू, जुगार, डुकराचे मांस, व्याजावर चालणारी बँक व विमा हे व्यवसाय ती वगळते, आणि उरलेल्या कंपन्यांचे व्याजी कर्ज व व्याजाचे उत्पन्न ठरावीक मर्यादेत आहे का, हे तपासते. धुरांड्यातून काय बाहेर पडते, हा प्रश्न त्या चाळणीत सहसा नसतो, त्यामुळे कोळशावर मोठी भट्टी चालवणारी कंपनीही तिच्यातून पार होऊ शकते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र ठामपणे होकारार्थी आहे. आपण मराठीत रोज वापरतो तो ‘हिशेब’ हा शब्द अरबीतून आला आहे, आणि त्याच धातूपासून ‘हिस्बा’ हा शब्द झाला. हिस्बा म्हणजे बाजारावरील नैतिक देखरेख आणि ती करणारा तो मुहतसिब. अकराव्या शतकात अल-मावर्दीने शासनव्यवस्थेवरील आपल्या ग्रंथात या पदासाठी स्वतंत्र प्रकरण लिहिले. वजनमापे तपासणे आणि फसवणूक रोखणे ही मुहतसिबाची कामे होतीच, पण गावाचा पाणीपुरवठा बंद पडला किंवा कोणी वाटेवर बांधकाम करून इतरांना अडचण केली, तर त्याचीही दखल त्याने घ्यायची होती. बाजाराबाहेरच्या माणसाला पोचणारी हानी हाही बाजाराच्या हिशेबाचाच भाग आहे, ही समज त्यात स्पष्ट दिसते.

या समजुतीच्या मुळाशी तीन कल्पना आहेत. पृथ्वी ही माणसाकडे सोपवलेली अमानत, म्हणजे विश्वासाने दिलेली ठेव, आहे. सृष्टीत ‘मीझान’, म्हणजे तराजू, ठेवलेला असून त्यात अतिरेक करू नये, असे कुरआनातील सूरह रहमानच्या आरंभी बजावले आहे. आणि कोणी कोणाला हानी करू नये, हानीच्या बदल्यात हानीही करू नये, या हदीसवर, म्हणजे प्रेषितांच्या वचनावर, फिकहचा (इस्लामी कायदेशास्त्राचा) एक संपूर्ण नियम उभा आहे. ‘अल-मीझान’ याच नावाने २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेच्या वेळी नैरोबीत मुस्लिम विद्वानांचा पर्यावरणविषयक करारनामा प्रसिद्ध झाला.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो मात्र शुद्धीकरणाचा नियम. निर्देशांकातल्या कंपनीला थोडे व्याजाचे उत्पन्न झाले, तर त्याचा आपल्या वाट्याला आलेला भाग गुंतवणूकदाराने गरजूंना देऊन टाकायचा असतो; पण ते दान समजायचे नाही, त्यातून पुण्याची अपेक्षा ठेवायची नाही आणि ती रक्कम जकातीतही (इस्लाममधील अनिवार्य दानातही) धरायची नाही. जे मुळात आपले नव्हते ते हातावेगळे केले, इतकाच त्याचा अर्थ. माणसांचे हक्क बुडवलेले असतील तर ते परत केल्याशिवाय केवळ पश्चात्तापाने सुटका होत नाही, ही शिकवणही याच दिशेची आहे. सोलापूरच्या शिक्षकांनी विचारलेल्या प्रश्नाला आपल्या कायद्याने जे उत्तर दिले, तेच येथे वेगळ्या वाटेने आलेले आहे. त्यामुळे आपण कंपनी निवडताना शरियतची चाळणी लावल्यावर वर सांगितलेल्या अहवालातले सहावे तत्त्वही वाचावे. दोन्ही मिळून चाळणी पुरी होते.

प्रश्न : माझे बारा यंत्रमाग आहेत. मला असा शाश्वतता अहवाल द्यावा लागेल का?
— एक यंत्रमागधारक, इचलकरंजी

उत्तर : कायद्याने नाही. परंतु मोठ्या कंपन्यांकडून पुरवठादारांच्या माहितीची विचारणा वाढत आहे, त्यामुळे आपला माल ज्यांच्याकडे जातो ते व्यापारी उद्या ही माहिती मागू शकतील. आजपासून विजेची बिले, महिन्याला तयार झालेले मीटर कापड आणि चिंधीचे वजन, एवढ्या तीन नोंदी एका वहीत ठेवाव्यात. वर्षअखेर दर शंभर मीटरमागे किती युनिट लागली, हे त्यातूनच काढता येईल.