गोळी, चामखिळी आणि हातावरची गाठ

प्रश्न : वय ६१. रक्तदाबासाठी ८ वर्षं हायड्रोक्लोरोथायझाइडची २५ मिलिग्रॅमची गोळी रोज घेतो. मानेवर मऊ चामखिळी वाढल्यात, शिवाय उजव्या हाताच्या पाठीवर एक खरखरीत गाठ आली आहे. दोन्ही गोळीमुळेच का? गोळी बंद करू का?

उत्तर : दोन्हींची गल्लत करू नका. देठाला लोंबणाऱ्या मऊ चामखिळींचं खापर या गोळीवर फोडता येत नाही. वय, वजन आणि कातडीला कातडी घासणं ही त्यांची नेहमीची कारणं. थोड्या काळात बऱ्याच आल्या असतील तर एचबीए१सी (गेल्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) करून घ्या. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की त्या वाढतात.

हातावरच्या गाठीची गोष्ट वेगळी. हे औषध त्वचेला उन्हाबाबत हळवं करतं आणि नुकसान साचत जातं, म्हणून आजवर एकूण किती औषध पोटात गेलं ते मोजायचं. डेन्मार्कमधल्या अभ्यासात ५०,००० मिलिग्रॅमच्या पुढे स्क्वॅमस सेल कार्सिनोमा या त्वचेच्या कर्करोगाचं प्रमाण सुमारे ४ पट दिसलं. तुमचा हिशेब : २५ × ३६५ × ८ = ७३,०००. ‘४ पट’ ऐकून हबकू नका. मूळ धोकाच लहान आहे. अमेरिकी औषध नियामकाच्या २०२० च्या अंदाजाने हे औषध घेणाऱ्या १६,००० जणांमागे वर्षाला १ जादा रुग्ण, आणि वाढ मुख्यतः गोऱ्या त्वचेच्या लोकांत.

गोळी परस्पर बंद करू नका, रक्तदाब उसळेल. डॉक्टर दुसरी देऊ शकतात, उदाहरणार्थ अ‍ॅम्लोडिपिन किंवा लोसार्टान. मात्र पाकिटावरचे घटक वाचा. लोसार्टानच्या जोडगोळ्यांत पुष्कळदा हायड्रोक्लोरोथायझाइडच १२.५ मिलिग्रॅम असतं. मग बदल नावापुरताच.

गाठ त्वचारोगतज्ज्ञांना दाखवाच. चिमटीत धरल्यावर बूड टणक किंवा दुखरं लागत असेल, खपली निघताच रक्त येत असेल, ४ आठवड्यांत भरत नसेल, तर याच आठवड्यात जा. तोवर सॅलिसिलिक अ‍ॅसिड लावू नका : वरचा थर जळतो, मूळ राहतं आणि तपासणीचा नमुना बिघडतो. काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये (नमुना टिकवणाऱ्या द्रवात) घालून पॅथॉलॉजिस्टकडे गेला पाहिजे, हे आधीच विचारून घ्या. गाठ नुसती जाळली तर ती काय होती ते कधीच कळत नाही. मानेवरच्या चामखिळी मात्र डॉक्टरांकडून खुशाल जाळून घ्या.