‘केन’ या शब्दाचा पल्ला

रत्नागिरी

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझे भाषांतर काल वाचले. ‘केन’ (ken) या इंग्रजी शब्दासाठी तू सगळीकडे ‘जाणीव’ लिहिले आहेस. ते चूक नाही, पण समुद्राने घडवलेल्या या शब्दाचा अर्धा अर्थ त्यामुळे मागे राहतो, आणि हर्णैच्या बंदरावर वाढलेल्या तुझ्या हातून तो निसटू नये असे मला मनापासून वाटते.

जुन्या इंग्रजीत ‘केन्नन’ म्हणजे जाणवून देणे, कळवणे. हे क्रियापद ‘कुन्नन’ म्हणजे जाणणे यापासून झाले, आणि आजचे ‘कॅन’ हेही ‘कुन्नन’चेच रूप आहे. जाणण्यापासून शकण्याकडे झालेला हा प्रवास आपल्याला परका नाही. ‘मला पोहता येते’ आणि ‘मला मराठी येते’ या दोन्ही वाक्यांत आपण एकाच ‘येणे’ने काम भागवतो. ‘नो’ (know) म्हणजे जाणणे, या शब्दाच्या आरंभी आज केवळ लिहिला जाणारा ‘के’ पूर्वी उच्चारलाही जात असे. या सर्वांचे मूळ इंडो-युरोपीय, म्हणजे युरोपातील आणि भारतातील अनेक भाषांच्या सामाईक पूर्वज भाषेतील, एका क्रियामूळ धातूत आहे. त्यातला ‘ग’सारखा ध्वनी इंग्रजी-जर्मनसारख्या जर्मानिक भाषांत ‘क’ झाला आणि संस्कृतात ‘ज’. तिथूनच ‘ज्ञा’, प्राकृतातून आलेले ‘जाणणे’ आणि तू वापरलेली ‘जाणीव’. म्हणजे तू नकळत त्याच घराण्यातला शब्द निवडलास, याचा मला आनंद झाला.

मात्र सोळाव्या शतकात इंग्रज खलाशांनी या शब्दाला वेगळे वळण दिले. समुद्रावरून किनारा नजरेला पडू लागतो त्या अंतराला ते ‘केनिंग’ म्हणत, आणि ते सुमारे 20 मैल धरले जाई. ‘केन’ हे नामही त्याच काळात दृष्टीचा टप्पा आणि समजुतीचा टप्पा अशा दोन्ही अर्थांनी रुळले. पुळणीवर उभ्या माणसाला क्षितिज जेमतेम साडेचार-पाच किलोमीटरवर असते; 100 मीटर उंचीवरून ते सुमारे 36 किलोमीटरवर जाते. बाहेर निघालेल्या होडीचे अंग आधी बुडते आणि डोलकाठी तेवढी उरते, हे तू लहानपणापासून पाहिले आहेस. होडी तिथेच असते, संपलेला असतो तो आपला पल्ला. आणि किनाऱ्यावरच्या उंच टेकडीच्या माथ्यावर चढलेल्याला तीच होडी पुन्हा दिसू शकते. ‘जाणीव’ या शब्दात ही हद्द नाही, आणि उंची बदलली की हद्द सरकते हेही नाही.

स्कॉटलंडमध्ये ‘केन’ हे ‘ठाऊक असणे’ या अर्थाचे रोजच्या बोलण्यातले क्रियापद आहे. इतरत्र इंग्रजीत तो बहुधा ‘केनच्या पलीकडे’ किंवा ‘केनच्या आत’ अशाच प्रयोगांत टिकला आहे, म्हणून तुझ्या इंग्रजी लेखनात ‘अवेअरनेस’ऐवजी तो सरसकट घालू नकोस, तसे केल्यास वाक्य उगाच नटवल्यासारखे वाटेल. मराठीत मात्र संदर्भ पाहूनच शब्द निवडावा लागेल. तिसऱ्या परिच्छेदातील म्हातारा तांडेल दूरच्या शहरांतील व्यवहार आपल्या केनपलीकडचे आहेत असे म्हणतो, तिथे ‘माझ्या जाणिवेबाहेरचे’ हे त्याच्या तोंडी शोभत नाही. ‘माझ्या नजरेच्या टप्प्यापलीकडचे’ असे लिहून ते वाक्य मोठ्याने वाचून पाहा, आणि सुधारलेला परिच्छेद मला पाठव.

तुझा,
सर