पुतळ्याची उंची आणि अनावरणाची तारीख कोणी ठरवायची?

प्रश्न : आमच्या शहरात छत्रपती शिवाजी महाराजांचा 12 फुटी पुतळा ठरला होता. आता दोन पक्षांच्या चढाओढीत तो 24 फुटांवर गेलाय आणि आचारसंहिता लागण्याआधी अनावरण हवं आहे. यात धोका आहे का?

उत्तर : आहे, आणि तो दुहेरी आहे. उंची दुप्पट झाली की वारा अडवणारं क्षेत्रफळ चौपट होतं आणि पुतळा उलथवू पाहणारा तळाशी पडणारा जोर आठपट. उभ्या पुतळ्यात तो सगळा दोन घोट्यांवर येतो. त्यामुळे 12 फुटांसाठी आखलेला सांगाडा चालणारच नाही. संरचना अभियंत्याकडून आयएस 875, भाग 3 या वाऱ्याच्या भाराच्या भारतीय मानकाप्रमाणे, तुमच्या भागातला वाऱ्याचा वेग धरून, नव्याने गणित करून घ्या. चबुतऱ्यात गाडायचे बोल्टही त्याच हिशेबात हवेत.

दुसरा धोका घाईचा. मातीकाम आणि चेहरा सगळे बघायला येतात, तिथे कोणी काटछाट करत नाही. वेळ कापला जातो तो ओतलेल्या तुकड्यांच्या जोडणीत, कारण आतलं वेल्डिंग बाहेरून दिसत नाही. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरच्या पुतळ्याचं अनावरण 4 डिसेंबर 2023 रोजी, नौदल दिनाला झालं. 26 ऑगस्ट 2024 रोजी तो कोसळला. चौकशी समितीने गंज, कमकुवत सांगाडा आणि सदोष वेल्डिंगवर बोट ठेवलं. खाऱ्या हवेत ब्राँझला साधं लोखंड टेकलं की लोखंड झपाट्याने गंजतं, तेही आतल्या आत. म्हणून सांगाडा स्टेनलेस स्टीलचा मागा.

मालवणचा पुतळा कोसळल्यावर, पुतळ्यांना मान्यता देणाऱ्या राज्याच्या कला संचालनालयाने सांगितलं की आपली मान्यता 6 फुटी प्रतिकृतीला होती. तेव्हा तुमच्या मान्यतापत्रात अंतिम उंची, धातू आणि सांगाड्याचं साहित्य आकड्यांनिशी लिहून घ्या. उंची बदलली तर पुन्हा मान्यता. वेल्डिंगच्या तपासणीचा अहवाल हाती येईपर्यंत निमंत्रणपत्रिका छापायला देऊच नका. महाराजांच्या पुतळ्याच्या बाबतीत तडजोड चालवून घेणं हा त्यांचा अवमान आहे, मग तारीख कोणत्याही पक्षाची असो.

प्रश्न : जागा मुख्य चौकातलीच हवी, असा दोन्ही गटांचा आग्रह आहे. परवानगी मिळेल?

उत्तर : चौक रस्त्याचा भाग असेल तर नाही. रस्ते, पदपथ आणि सार्वजनिक वापराच्या जागांवर नव्या पुतळ्याला परवानगी देऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयाने 18 जानेवारी 2013 रोजी राज्यांना बजावलं आहे. रस्त्याबाहेरची, सार्वजनिक वापरात नसलेली, मालकीची कागदपत्रं स्वच्छ असलेली जागा बघा.